सील, घाट आणि झोप: केळीचा कंटेनर बंदरापर्यंत नेताना

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात एखाद्या पॅकहाऊसपुढे 40 फुटी पांढरा कंटेनर उभा दिसला, की गावातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "केळी चालली दुबईला." जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं. जून 2021 मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला रवाना झाली, तेव्हा त्याच्या बातम्याही झाल्या. पेटीवर निर्यातदाराचं नाव असतं, बागेचा कोड असतो. पण हा माल साडेचारशे-पाचशे किलोमीटर ओढत न्हावा-शेवा बंदराच्या गेटपर्यंत नेणाऱ्या माणसाचं नाव येतं फक्त बिल्टीवर, म्हणजे माल वाहतुकीच्या पावतीवर, आणि तिथंही बऱ्याचदा चुकीचं लिहिलेलं.

मी या कंटेनरांची कागदपत्रं करतो. स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण गाडी कुठं अडली की पहिला फोन मलाच येतो, रात्री 2 ला सुद्धा. हे जे लिहितोय ते या फोनांवरून शिकलेलं आहे. नव्यानं निर्यातीच्या गाडीवर बसणाऱ्या पोरांसाठी आहे, आणि खरं सांगायचं तर गाडी भरणाऱ्यांसाठी त्याहून जास्त आहे.

उशीर होतो सावद्याला, भरून काढतात चांदवडला

आधी एक शब्द समजून घेऊ: कट-ऑफ. जहाज सुटण्याच्या आधी एक वेळ ठरलेली असते. त्या वेळेपर्यंत कंटेनर बंदराच्या गेटच्या आत गेला तर तो जहाजावर चढतो, नाहीतर पुढच्या जहाजाची वाट बघतो. पुढचं जहाज आठवड्यानं असेल आणि आत केळी असेल, तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता हिशोब मांडू. समजा, कट-ऑफ उद्या संध्याकाळी 6 चा आहे. रिकामा कंटेनर सकाळी 10 ला पॅकहाऊसवर यायचा होता, पण यार्डातच उशिरा मिळाला म्हणून दुपारी 2 ला आला. तोवर घड कापणारी माणसं बसून. मग घाईनं कापणी, फण्या करणं, धुणं, पेट्या भरणं. रात्री 9 ला दार बंद. काट्यावर वजन, सील, कागद होईस्तोवर साडेदहा. तिथून बंदर साधारण 470 किलोमीटर धरा. भरलेल्या ट्रेलरची सरासरी, टोल, चहा, जेवण आणि ट्रॅफिक धरून, ताशी 35 च्या वर क्वचितच जाते. म्हणजे तेरा-साडेतेरा तास. त्यावर पार्किंग आणि गेटची रांग तीन तास. गाडी दुपारी 3 च्या सुमाराला आत जाते. कागदावर तीन तास शिल्लक आहेत, सगळं छान दिसतं.

या हिशोबात एकच गोष्ट कुणी मांडत नाही: ड्रायव्हर सकाळी 6 ला उठलेला आहे. साडेदहाला सेल्फ मारतो तेव्हाच त्याचे साडेसोळा तास जागून झालेले असतात. झोपेवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय, की सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात साधारण 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंदावतो. हात-डोळ्यांचा मेळ तेवढाच बिघडतो. आपल्याकडे दारूची कायदेशीर मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 0.03 टक्के. थेंबही न घेतलेला हा माणूस भुसावळ ओलांडायच्या आतच दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला पकडणारं यंत्र मात्र कुठल्याही नाक्यावर नाही.

पुढचं गणित आणखी वाईट आहे. माणसाच्या शरीराचं घड्याळ रात्री 2 ते पहाटे 5 या वेळात सगळ्यात खाली असतं. साडेदहाला सावद्याहून निघालेली गाडी अडीचच्या सुमाराला धुळ्याला, चारला मालेगावला आणि पाचच्या पुढे राहूडच्या घाटातून चांदवडला येते. म्हणजे ज्या वेळात शरीर झोप मागतं, नेमक्या त्या वेळात समोर आग्रा रोडची, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाची, सगळी रहदारी. ताशी 60 च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 50 मीटर आंधळी धावते.

पारोळ्याकडचा एक ड्रायव्हर मला पहाटे फोन करायचा, कामाचं काही नसायचं. "भाऊ, डोया लागी ऱ्हायनात, जरासं बोल." मी बोलत बसायचो आणि मला वाटायचं, आपण त्याला मदत करतोय. आता वाटतं, त्याला तिथंच गाडी बाजूला लावायला सांगायला हवं होतं. गप्पा, मोठ्यानं गाणी, चेहऱ्यावर पाणी, तंबाखूची चिमूट यानं डोळे थोडा वेळ उघडे राहतात, मेंदू जागा होत नाही. झोपेवर उपाय झोपच आहे. पंधरा-वीस मिनिटांची डुलकी आणि त्याआधी कपभर चहा-कॉफी याचा खरोखर उपयोग होतो, कारण कॅफिन रक्तात चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. डोळा उघडतो तेव्हा दोन्हीचा फायदा एकदम मिळतो. पण ही उधारी आहे, तासाभराची सोय. काही ढाब्यांवर मिळणाऱ्या जागायच्या गोळ्या आणि डोडा (अफूच्या बोंडाचा चुरा) याबद्दल बोलायचंच तर इतकंच: डोडा बाळगणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि गोळीचा असर उतरतो तो घाटात की सपाटीवर हे आधी ठरवता येत नाही.

कायद्यानं काय म्हटलंय? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ठरवले. लांबच्या पल्ल्याला मंजुरी घेऊन दिवसाला 10 तासांपर्यंत मुभा होती, आणि सलग 5 तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती; 2025 मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. युरोपात तर साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसाला 9 तासांच्या वर, आठवड्यातले दोन दिवस सोडले तर, चालवता येत नाही. तिकडे टॅकोग्राफ नावाचं यंत्र गाडीतच बसवलेलं असतं, ते मिनिट न मिनिट नोंदवतं. आपल्याकडे नोंदवणारा कुणी नाही. म्हणून सावदा ते न्हावा-शेवा हा एका ड्रायव्हरचा एका दमातला प्रवास नाहीच, हे गाडी ठरवतानाच मान्य करायला हवं. दोन ड्रायव्हर द्या, नाहीतर धुळे-मालेगावच्या आसपास चार-पाच तासांचा मुक्काम धरूनच कापणीची वेळ ठरवा. तो मुक्काम कापणीच्या वेळापत्रकात लिहिलेला असेल तरच होतो. ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडला तर होत नाही, कारण गाडी उशिरा पोचली की भाड्यातून कपात त्याची होते, पॅकहाऊसची नाही.

साडेतीनशे लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता

घाटाचं शास्त्र एकदा नीट समजलं की न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची हिंमत होत नाही.

ट्रेलर आणि त्याला ओढणारा घोडा मिळून पंधराएक टन, रिकामा रिफर (माल गार ठेवणारा) कंटेनर साडेचार-पाच टन, आत साडेतेरा किलोच्या दीड हजार पेट्या म्हणजे वीस टन. सगळं मिळून 40 टन. ही गाडी 300 मीटर उंचीवरून खाली आली की तिच्यातली जवळजवळ 12 कोटी ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला हवी. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती उष्णता होऊन बाहेर पडते. साध्या भाषेत, साडेतीनशे लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी उष्णता. फक्त ब्रेकवर गाडी उतरवली तर ही सगळी उष्णता ड्रम आणि लायनर यांनी गिळायची. ते तापले की लायनरची पकड सुटते, ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. बातमीत येतं, "ब्रेक फेल." पुष्कळदा ब्रेकमध्ये काहीच तुटलेलं नसतं, ते नुसते भाजलेले असतात.

गिअरमध्ये गाडी असली की हे काम इंजिन वाटून घेतं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक, चालू ठेवायचा. पायाचा ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वेग वाढला की नीट दाबून कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला मधे गार व्हायला वेळ मिळतो. गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा, कारण अर्ध्या उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. गाडी न्यूट्रलला अडकते आणि मग देवच.

न्यूट्रलनं डिझेल वाचतं ही समजूत तर आताच्या गाड्यांना लागूच नाही. नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये उतरत असताना पाय काढला की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल जाळतं. जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्त.

आपल्याला हे परक्यानं सांगायची गरज नाही. जुलै 2023 मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला आग्रा रोडवर ताबा सुटलेला कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात शिरला, किमान दहा जण गेले. बिजासन घाट उतरून आलेल्या गाड्यांची ती वाट आहे. बंदराकडे जाताना आपल्याला लागतो तो कसारा. जून 2025 पासून समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झालाय, त्यातला जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा कसारा घाटाला वळसा घालतो. टोलचे पैसे वाचवायला भरलेली गाडी जुन्या घाटातून पाठवणाऱ्या मालकांनी वरचा साडेतीनशे लिटरचा आकडा पुन्हा वाचावा. बोगद्याच्या वाटेनंही उंची तेवढीच उतरायची असते, फक्त घाटाची वळणं नसतात. गिअरचा नियम तिथंही तोच.

टायरबद्दल थोडं, कारण आपल्याकडचा मे महिना. भुसावळला पारा 45 च्या वर गेला की हमखास कुणीतरी सांगतं, "हवा थोडी कमी ठेव, गरमीत फुगते." हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि तापून फुटते. चालून आलेल्या गरम टायरचा दाब जास्तच दिसणार, तो दिसला म्हणून हवा सोडायची नाही. हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी. जोडचाकांतलं आतलं टायर बघायला कुणी वाकत नाही, आणि घात तेच करतं.

पंक्चर झालीच तर आपली खास सवय: चाकाला लावलेला दगड आणि मागं टाकलेली झाडाची फांदी रस्त्यातच सोडून निघून जायचं. मागून येणारा दुचाकीवाला त्या दगडावर जातो. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीत असतोच, पण कोऱ्या डब्यात, सीटखाली. तो 50 मीटर मागं ठेवायचा, लाकडी ठोकळे बाळगायचे आणि निघताना दोन्ही उचलायचे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, बाकी कशालाही 112.

गावातल्या तारा

ही गोष्ट बंदराकडचे लोक सांगणार नाहीत, कारण ती त्यांची अडचण नाही. निर्यातीचा रिफर बहुतेक हाय-क्यूब असतो, नुसता कंटेनरच 2.9 मीटर उंच. ट्रेलरवर चढल्यावर तो सव्वाचार मीटरच्या वर जातो. आपली पॅकहाऊसं महामार्गावर नाहीत, शेतात आहेत. शिवाराच्या रस्त्यावरची वीजतार उन्हाळ्यात तापून सैल होते आणि खाली झोळते. रस्ता डांबरी केला की तो चार बोटं वर येतो, तार तिथंच राहते.

नव्या पॅकहाऊसला पहिली गाडी पाठवायच्या आधी मोटारसायकलवर एकानं वाट बघून यावं, हे मी आता लिहून घेतो. तार लागलीच तर ड्रायव्हरनं केबिनमध्येच बसून राहायचं, वीज बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत. गाडीची बॉडी वीजभारित असताना एक पाय जमिनीवर आणि एक हात दरवाजावर म्हणजे वाट तुमच्या अंगातून. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर गाडीला न धरता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय जोडूनच लहान उड्या मारत लांब जायचं. गोळा झालेल्या लोकांना ओरडून लांब थांबवायचं. बांबूनं तार उचलून धरणारे हौशी लोक प्रत्येक गावात असतात. ओला बांबू वीज नेतो.

पेटीतली केळी जिवंत असते

केळी कापली तरी श्वास घेत राहते. ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साईड आणि उष्णता सोडते, आणि पिकायला लागली की इथिलीन वायू सोडते. इथिलीन शेजारच्या केळीला पिकवतो, ती आणखी सोडते. म्हणजे एक पेटी पिवळी झाली तर प्रश्न एका पेटीचा राहत नाही. हे थांबवायला तापमान 13 ते साडेतेरा अंशांवर धरतात. त्याखाली गेली तर साल करडी-काळपट पडते, मग ती कधी नीट पिवळी होत नाही, आणि हे नुकसान दिसतं परदेशात, पिकवण्याच्या खोलीत, पंधरा-वीस दिवसांनी. तोवर भांडण कुणाशी करायचं हेच कळत नाही.

ड्रायव्हरसाठी यातून निघणारी गोष्ट साधी आहे: रिफर म्हणजे फ्रिज नव्हे. तो गार माल गार ठेवतो, गरम माल झटपट गार करायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून निघताना स्क्रीनवरचे दोन आकडे बघायचे. कंटेनर आत सोडतो ती हवा, आणि मालातून फिरून परत येते ती हवा. परत येणारी हवा सेट केलेल्या आकड्यापेक्षा खूप वर असेल तर केळी गरमच भरली आहे. स्क्रीनचा फोटो काढा, वेळ दिसेल असा, आणि पाठवा. नंतर आतला, तापमान नोंदवणारा डेटा लॉगर काय तो हिशोब देईलच, पण तुमच्या हातात गाडी आली तेव्हा काय स्थिती होती हे सांगणारा तोच एक फोटो असतो. सेट पॉइंट बुकिंगच्या कागदाशी ताडून बघा. अंशाच्या आधी वजाचं चिन्ह पडलं तर पोचेपर्यंत आत बर्फाची केळी. बाजूची हवेची खिडकी किती उघडी ठेवायची तेही कागदावर असतं. कुणी सांगितलं म्हणून बदलू नका.

रस्त्यावर रिफरला वीज देतो जेनसेट, आणि तो तासाला दोन-तीन लिटर डिझेल पितो. बंदराबाहेर रांगेत एक दिवस गेला तर पन्नास-साठ लिटर तिथंच संपतं, म्हणून तेवढं वेगळं धरूनच टाकी भरायची. ढाब्यावर झोपताना जेनसेटची टाकी भिंतीकडच्या बाजूला येईल अशी गाडी लावायची. का, ते ड्रायव्हरना माहीत आहे: डिझेल चोरीला जातं. आणि प्लग लावणं-काढणं: हा घरचा प्लग नाही, चारशे व्होल्टच्या वरचा थ्री-फेज आहे. आधी स्विच बंद, मग प्लग. पावसात ओल्या हातानं तर अजिबात नाही.

केळी सोडून दुसराही माल इथून जातो. चटई, डाळी, मिरची, कापसाच्या गाठी. धान्य-डाळीच्या कंटेनरला कीड मारायला धुरी दिलेली असते, त्यात फॉस्फिन वायू असतो. दारावर धोक्याची चिठ्ठी असेल, किंवा दाराशी लसणासारखा-सडक्या मासळीसारखा वास आला, तर दार उघडायचं नाही आणि त्याला टेकून झोपायचंही नाही. वास नाही म्हणजे वायू नाही असंही नसतं. गाठींच्या गाडीत धुमसती आग तासन् तास आतच राहते. भरताना जवळ बिडी ओढणाऱ्याला तुम्ही हाकललंत तर तुमची आगाऊ म्हणून बदनामी होईल. होऊ द्या.

सही करण्याआधी

ड्रायव्हरला कागद नकोसे वाटतात. मला कळतं. पण आंतरराष्ट्रीय मालात तुमची सही म्हणजे "माल मी असा असा ताब्यात घेतला" अशी कबुली असते. युरोपातल्या रस्ता वाहतुकीचा 1956 चा सीएमआर करार हे फार स्पष्टपणे सांगतो: ताबा घेताना वाहतूकदारानं नगांची संख्या आणि वरून दिसणारी स्थिती तपासायची. तपासता आली नाही तर तसं कारणासह कागदावर लिहायचं. न लिहिता सही केली तर माल चांगलाच मिळाला होता असं धरलं जातं. आपला कायदा वेगळा आहे, पण शहाणपण तेच. पेट्या तुमच्यासमोर मोजल्या नसतील तर बिल्टीवर लिहा, "मोजणी पाहिली नाही, सील शाबूत." मराठीत लिहिलं तरी चालतं. चार शब्दांना कुणी नाक मुरडलं तर मला फोन लावून द्या.

रिकामा कंटेनर यार्डातून उचलतानाच पहिली तपासणी. आत जाऊन दार लावून घ्यायचं आणि अंधारात छताकडं बघायचं, कुठं भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. बाहेर क्लिनर उभा असल्याशिवाय हे करायचं नाही, आतून दार उघडत नाही. चारही भिंती, तळ, दाराच्या रबरी पट्ट्या, खालची चौकट. पोचा असेल तर यार्डाच्या पावतीवर तो नोंदवून घ्यायचा, नाहीतर परत देताना तो तुमच्या नावावर.

सील म्हणजे बोटाएवढा लोखंडी बोल्ट, एकदा बसला की कापल्याशिवाय निघत नाही. कारखान्यात-पॅकहाऊसवरच निर्यातदारानं सील लावलेल्या कंटेनरसाठी कस्टम्सनं 2017 पासून इलेक्ट्रॉनिक सील आणलं, त्याचा नंबर बंदरात यंत्र वाचतं. हा नंबर कागदाशी एका आकड्यानंही चुकला तर गाडी बाजूला. इथं माझी कबुली: एकदा मीच दोन आकडे उलटे टाईप केले. गाडी बंदराबाहेर नऊ तास उभी राहिली. ड्रायव्हरनं रात्रभर जेनसेटचं डिझेल मोजत काढली आणि मला एक शिवी दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून सील लावल्यावर नंबरचा फोटो ड्रायव्हरनं काढायचा, आणि मी टाईप केलेला आकडा त्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचा, असं आम्ही ठरवलंय. प्रत्येक थांब्यानंतर निघताना सील ओढून बघायचं. तुटलेलं दिसलं तर आपल्या मनानं दुसरं लावायचं नाही. गाडी तिथंच, फोन आधी.

वजनाचं तसंच. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन जाहीर केल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. अंदाजानं लिहिलेल्या वजनांमुळं जहाजावरच्या थप्प्या कोसळत होत्या, म्हणून हा नियम आला. काट्याची पावती जपून ठेवा.

आणि "एवढं पार्सल तेवढं पोचव" म्हणणारा गाववाला. नाही म्हणा. सख्खा असला तरी.

गेटच्या आत, आणि पूर्वेच्या वाटेवर

न्हावा-शेवाच्या टर्मिनलमध्ये हेल्मेट, चमकणारं जॅकेट, बूट. चपलेवर आत घेत नाहीत आणि घेऊही नये. क्रेनखाली केबिनमधून उतरून फिरायचं नाही. क्रेन चालवणारा वरून माणसाला मुंगीएवढा बघतो. सगळ्यात महत्त्वाचे ट्विस्टलॉक: कंटेनरला ट्रेलरशी धरून ठेवणारे कोपऱ्यातले खटके. रस्त्यावर सगळे बंद हवेत, एक जरी उघडा राहिला तर वळणावर कंटेनर कलंडू शकतो. क्रेनखाली सगळे उघडे हवेत, एक जरी बंद राहिला तर कंटेनरबरोबर ट्रेलरही उचलला जातो, तुमच्यासकट.

सगळा माल पश्चिमेला जात नाही. कांदा बांगलादेशला जातो तो धुळे-जळगाव-नागपूरच्या रस्त्यानं, दीड हजार किलोमीटरहून लांब, सरहद्दीवरच्या पेट्रापोलला. तिथं गाडी कस्टम्सच्या कारपासवर (सरहद्द ओलांडायच्या परवान्यावर) पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलला जाते, माल उतरवून परत येते. ड्रायव्हर परदेशात असतो, पण त्या यार्डापुरताच. बाहेर भटकायचं नाही, कारपास खिशातून काढायचा नाही. रांगेत दिवसच्या दिवस जातात, म्हणून कांद्यावरची ताडपत्री बाजूनं हवा खेळेल अशी बांधायची. घट्ट आवळली तर पावसापासून वाचलेला कांदा आतल्या घामानं सडतो. सरहद्दीवर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची तस्करी चालते, त्यामुळं रांगेत उभ्या गाडीची खालची चौकट, टूलबॉक्स, स्टेपनीची जागा रोज सकाळी स्वतः बघायची. तुमच्या गाडीत सापडलं की आधी तुम्ही आत. थंडीत केबिनच्या काचा लावून आत स्टोव्ह पेटवणं किंवा इंजिन चालू ठेवून झोपणं नको. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

माल उतरला की पोच. रिकामी पोच घेऊन निघायचं नाही: तारीख, वेळ, सही, शिक्का, आणि काही तुटकं-भिजलं निघालं असेल तर तेही त्यावरच. बंदरात कंटेनर उतरवल्याची गेटची पावती मिळते, तिचा फोटो त्याच मिनिटाला पाठवा. थर्मल कागदावरची शाई पुसट होते, आणि बाकीचं भाडं त्या कागदावर अडलेलं असतं.

यानंतरचा तास मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटतो. कट-ऑफ गाठलेला असतो, ताण उतरतो आणि दाबून ठेवलेली झोप एकदम वर येते. त्यात ट्रेलर रिकामा. रिकाम्या ट्रेलरच्या चाकांवर वजन नसल्यामुळं ब्रेक जोरात मारला की चाकं लॉक होऊन तो घसरतो. भरलेल्या गाडीची सवय झालेला पाय रिकाम्या गाडीला जड पडतो. परतीचं भाडं लगेच आहे म्हणून फोन येतो, बहुतेक वेळा माझ्याच ऑफिसातून. तेव्हा गाडी पार्किंगला लावा, फोन सायलेंटला टाका, घरी सांगा, "माल उतरला, झोपतोय, सकाळी निघेन." आम्हाला नाही सांगितलंत तरी चालेल.